गहिनीनाथ आबांच्या डाव्या खांद्यामागची झील

शेजारच्या घोडेगावच्या बैलबाजारात गहिनीनाथ आबांकडून कासरा घेतला की बैल म्हातारा व्हायचा, पण कासरा तुटायचा नाही. घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढून, सुकवून आबा दोर वळायचे. स्वभावालाही त्यांनी तसाच घट्ट पीळ दिलेला होता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण गावानं त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती म्हणा ना.

बाजाराचा दिवस सोडला तर आबा देवळाचे. देऊळ म्हणजे गावाबाहेरचं ख्रिस्ती मंडळीचं, मातीच्या भिंती आणि वर पत्रा. लढाईच्या महागाईत मिशनला पगार परवडेना, म्हणून उपदेशक नगरला परत गेला, आणि मंडळीतले वडीलधारे या नात्यानं सगळा कारभार आबांकडे आला. घंटा आबांची, प्रार्थना आबांची, आणि कीर्तन तर आबांचंच. त्यांनी स्वतः रचलेलं मेंढपाळाचं आख्यान ऐकायला गावातले शेतकरीही पटक्याचं टोक सावरत दारात येऊन बसत. संध्याकाळी मेंढपाळ कळप मोजतो आणि एक मेंढरू कमी भरतं, तिथं आबा चिपळ्या थांबवून ध्रुपद टाकायचे:

"मागं कोण राहिलं रे, मागं कोण राहिलं?"

मग मागे उभे असलेले झिलकरी तीच ओळ उचलून धरत. त्यांच्यात कारभारी नावाचा गडी सगळ्यांत तयार. दोर वळताना दुसऱ्या टोकाला तोच आणि कीर्तनात आबांच्या डाव्या खांद्यामागंही तोच. त्याला एक खोड होती. आबांची ओळ संपायच्या जरा आधीच तो झील उचलायचा. आबा दर वेळी डोळे वटारायचे आणि हा बाबा दर वेळी हसायचा.

सुगी झाली की उपकारस्तुतीचा सण येतो. मंडळी नव्या धान्याच्या पाट्या घेऊन देवळात येतात आणि मोठं कीर्तन होतं. एका सणाआधी कारभारीनं भीत भीत विचारलं होतं, "आबा, औंदा मी हुबा ऱ्हाऊ का फुडं? आख्यान पाठ हाय मला."

आबांनी वाखावरची नजरसुद्धा उचलली नाही. "फुडच्या साली बगू."

पुढचं साल यायच्या आधी पटकीची साथ आली आणि कारभारीला घेऊन गेली.

त्यानंतरच्या पहिल्याच कीर्तनात आबांनी ध्रुपद टाकलं, आणि ओळ संपायच्या जरा आधी डाव्या खांद्यामागून झील आली. आबा गर्रकन वळले. मागे दुसरा झिलकरी बन्सी होता, आणखी दोघं म्हातारे झिलकरी होते, आणि त्यांनी अजून तोंडही उघडलेलं नव्हतं. डावीकडची जागा मोकळी होती.

मग ते दर वेळचंच झालं. आबांनी चाल बदलून पाहिली, आवाज चढवून पाहिला. झील यायची ती यायचीच, आणि आबांच्या मानेवर काटा उभा राहायचा. सांगणार कुणाला? भुताखेतांना भिऊ नका, हे लोकांना सांगण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी स्वतःच अंगारा मागायला जायचं का? आबा मूग गिळून बसले.

अशात नगरहून मिशनचे धर्मगुरू, पाळक शामकांतराव, सायकल मारत आले. माणूस सौम्य, पण बोलायचं ते बोलून गेले. "आबा, तुम्ही थकलात. तुमच्यानंतर मंडळी कोण चालवणार? सणाला मी येतो आहे. त्या दिवशी उपासना आणि कीर्तन दुसऱ्या कुणी तरी केलेलं मला दिसलं पाहिजे. नाही तर ही मंडळी घोडेगावला जोडून या देवळाला कुलूप लावायचं ठरलं आहे."

आबांनी बन्सीला पुढे उभा केला. बन्सीला दरदरून घाम फुटला. "आबा, मी आपला मागंच बरा." म्हाताऱ्यांचंही तेच. आबा संतापले, पण संताप उतरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की यांना आपण जन्मभर झील धरायलाच शिकवलं. ज्याला पुढचं येत होतं, त्याला आपणच मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारभारीची बायको मनकर्णा देवळात सारवायला आली. आबा एकटेच चिपळ्या घेऊन बसले होते. कुणाला शिकवायचं, कसं शिकवायचं, काही सुचत नव्हतं. सवयीनं ध्रुपद तोंडात आलं आणि मागून, जरा आधीच, झील आली.

मनकर्णाचा सारवणारा हात थांबला. "आले व्हय?"

आबांनी मान वळवली. "तुला... तुलाबी ऐकू येतं?"

"घरी रोज येतं," ती म्हणाली. "पर घरी ते असे मागं नसत्यात, आबा. घरी ते फुडं असत्यात. जित्ते हुते तवाबी सांजच्याला समदं आख्यान म्हनायचे आन् झील मी धरायची. हितं आले की मातूर अजून मागंच हुबे ऱ्हात्यात. तुमी फुडं बोलावलं न्हाई न्हवं."

आबांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मेलेल्या माणसालाही आपण परवानगीची वाट बघायला लावली! त्यांना रडू कोसळलं आणि मनकर्णानं ते थांबवलं नाही. शेणाचे हात तसेच धरून ती उभी राहिली.

डोळे पुसून आबा म्हणाले, "तुला समदं येतं?"

"येतं."

"ह्या देवळात बाईमानूस कीर्तनाला हुबं राहिल्यालं कुनी बगितलं न्हाई, पोरी."

"बगितलं न्हाई म्हंजी ऐकायचं न्हाई, असं थोडंच हाय?"

मग आबांनी तिला चिपळ्या धरायला शिकवलं, कुठं थांबायचं, कुठं लोकांच्या डोळ्यांत बघायचं ते शिकवलं. बदल्यात ती दोराचं दुसरं टोक धरायची. एकट्यानं दोर वळता येत नाही, हे आबांना पोटासाठी कधीच कळलं होतं. देवळात कळायला मात्र म्हातारपण उजाडलं.

देवळाला कुलूप लागलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. सणाला बाजरीच्या पाट्या मांडल्या होत्या, शामकांतराव पुढेच बसले होते. प्रार्थना मनकर्णानं केली. आबांनी चिपळ्या तिच्या हाती दिल्या, तेव्हा कुजबुज झाली, कुणी तरी उठून गेलंही. आबा मागे जाऊन कारभारीच्या जागेवर उभे राहिले.

कळप मोजून झाला. मनकर्णानं चिपळ्या थांबवल्या आणि ध्रुपद टाकलं. आबा कान देऊन राहिले. त्यांच्या मागून काहीच आलं नाही. आवाज समोरून येत होता, मनकर्णाचा, आणि तिच्या आवाजाखाली, ओळ पुढे नेणारा, दुसरा, ओळखीचा जाडा आवाज. तिचा सूर ढळला नाही. आबांनी डोळे गच्च मिटून घेतले. उघडायची त्यांची छाती झाली नाही.

ओळ अजून संपायची होती. आबांना धीर निघाला नाही. जरा आधीच त्यांनी झील उचलली.