पाय पुसून ये, लीव्हेन!

लीव्हेन बाउवेन्सनं डेन्मार्कहून बायको आणली आणि ती घरात कोंडून ठेवली, ही बातमी झीलंड प्रांतातल्या झीरिकझे बंदराच्या धक्क्यावरून मासळीबाजारात पोचायला पाव चावून गिळण्याइतकाही वेळ लागला नाही. आणली तीही कजाग. कालवं विकणारी माइकेन सकाळी पिंपवाल्यांच्या गल्लीतून जात होती, तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. आतून बाई खेकसली, "पाय पुसून ये, लीव्हेन! चिखल घेऊन आलास परत!" आणि डेन्मार्कच्या दरबारात पंचवीस वर्षं आपल्या देशाचा राजदूत म्हणून मिरवलेला हा माणूस उंबऱ्यावर मुकाट्यानं पाय पुसत होता!

"उंच असणार," माइकेन म्हणाली. "तिकडच्या बायकांचं डोकं म्हणे दाराच्या चौकटीला लागतं."

"पण आपल्या बोलीत कशी ओरडली गं?" पाववाल्याच्या बायकोची शंका.

"नवऱ्यावर ओरडायची बोली जगात एकच असते, बाई."

रविवारी चर्च सुटल्यावर दोघी दालचिनीच्या गोड वळ्या ताटलीत घालून लीव्हेनच्या दारात हजर झाल्या. शेजारधर्म हो, दुसरं काय! आत पाहतात तर बायको नाही, बायकोची सावली नाही. खिडकीत एक पिंजरा, आणि पिंजऱ्यात साळुंकीच्या कुळातला एक काळा ठिपकेदार पक्षी. दोघींना पाहताच तो मान वाकडी करून ओरडला, "पाय पुसून ये, लीव्हेन!"

"याचं नाव जकातदार," लीव्हेन ओशाळून म्हणाला. "पावाचा तुकडा वसूल केल्याशिवाय कुणाला सोडत नाही."

पाववालीण हसत सुटली. माइकेन मात्र हसली नाही. तो खालून वर चढत जाणारा सूर, शेवटी 'लीव्हेन'वर दिलेला तो हिसका तिनं ओळखला होता. मंजिष्ठेच्या भट्टीवाली तानेके! तरुणपणी ती अशीच ओरडायची.

आता हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं.

लीव्हेन पिंपं करणाऱ्याचा मुलगा. पोरगं हुशार निघालं, लॅटिन फाडफाड वाचायला लागलं, म्हणून नगरसभेनं त्याला शिकायला लायडेनला धाडलं आणि परत आल्यावर गावाचा चिटणीस केलं. त्याचा बाप म्हणायचा, "मी फळ्या जोडतो, हा शब्द जोडतो. दोन्हीतून गळलं नाही म्हणजे झालं."

या चिटणिसाचं मंजिष्ठेच्या भट्टीवर काय काम असायचं, ते कुणी विचारू नये. मुळं वाळवून, कुटून तांबडा रंग करायचा तो धंदा तानेकेच्या वडिलांचा. तानेकेचे हात मनगटापर्यंत तांबडे. पण उंबरा पांढरा शुभ्र, रोज घासलेला, आणि लीव्हेन रोज त्यावर चिखलाचे पाय घेऊन यायचा. मुद्दाम, असं माइकेनचं मत. ओरडा खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही.

एके दिवशी ओरडा खाऊन झाल्यावर त्यानं तिला विचारलं. काय विचारलं ते सांगायला हवं का?

"घरी विचारून सांगते," तानेके म्हणाली. "बाबा रॉटरडॅमला गेलेत. शनिवारी येतील."

शुक्रवारी वारा फिरला. डेन्मार्कला निघालेलं जहाज वाऱ्यासाठीच खोळंबलं होतं, आणि हेगला भरणाऱ्या देशाच्या सभेनं दूताच्या हाताखाली या हुशार चिटणिसाचं नाव घातलं होतं. "सहा आठवड्यांचं काम आहे," तो धक्क्यावरून ओरडून म्हणाला आणि गेला.

काम होतं तिकडच्या सामुद्रधुनीतल्या जकातीचं. आपली जहाजं जायची-यायची, डेन्मार्कचा राजा प्रत्येकाकडून जकात घ्यायचा. ती कमी करून घ्यायची. थोरला दूत पहिल्याच हिवाळ्यात खोकून खोकून गेला आणि त्याची खुर्ची लीव्हेनच्या गळ्यात पडली. त्यात आपल्या देशाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याला राजा नाही, म्हणून एका दमात 'हो' म्हणणाराही कुणी नाही. दूतानं हेगला विचारायचं, हेगनं प्रांतांना, प्रांतांनी गावांना, आणि गावांनी जेवून, वामकुक्षी करून, सावकाश ठरवायचं. तोवर तिकडं समुद्र गोठायचा. राजाचे मंत्री काहीही म्हणोत, लीव्हेनचं उत्तर एकच, "घरी विचारून सांगतो." दरबारात त्याचं नावच पडलं, 'घरी-विचारतो साहेब'. तो दिसला की पंख्याआडून बायका हसायच्या.

हसू देत. त्याला टोचायचं ते वेगळंच. प्रत्येक वेळी ते वाक्य तोंडातून निघालं की त्याला तांबडे हात दिसायचे. तिनं घरी विचारलं असेल का?

विचारलं होतं. वसंतात झीरिकझेचा एक तांडेल निरोप घेऊन आला, "तानेके म्हणाली, घरी विचारलं, बाबा हो म्हणाले. ये."

लीव्हेननं हेगकडं रजा मागितली. हेग म्हणालं, हिवाळ्यात बघू. हिवाळ्यात म्हणालं, बर्फ वितळू दे. मग त्यानं तिलाच निरोप धाडला, "तू इकडं ये." तांडेल उलट निरोप घेऊन आला. "ती म्हणाली, भट्टी कोण बघणार? आणि म्हणाली, तुझे सहा आठवडे कितव्या वर्षी संपतात तेवढं कळव."

पाचव्या वर्षी त्याच तांडेलानं चीज उतरवता उतरवता सांगितलं की तानेकेनं बंदरातल्या वाटाड्याशी लग्न केलं. भला माणूस आहे, वाळूच्या दांड्यांतून जहाजं अलगद आत आणतो.

"चांगलं झालं," लीव्हेन म्हणाला, आणि चीज तिथंच विसरून निघून गेला.

मग वर्षं गेली. तह झाले, मोडले, पुन्हा झाले. रेशमी मोजे आले, पोट आलं, केस गेले. दिवसभर फ्रेंच, संध्याकाळी लॅटिन, नोकरांशी मोडकंतोडकं डॅनिश. आपली झीलंडची बोली, ती नाकातून ओढलेली, चिखलात रुतल्यासारखी बोली, ऐकायला कान तहानले. जहाज आलं की तो खलाशांना उगाच ताकाची लापशी कशी करायची ते विचारायचा. लापशी कुणाला हवी होती? त्यांनी तोंड उघडायला हवं होतं.

एकदा धुराड्यातून पक्ष्याचं पिल्लू चुलीसमोर पडलं. लीव्हेननं ते जगवलं आणि मग त्याच्या डोक्यात आलं, याला आपली बोली शिकवू. आधी आईचा आवाज काढून बघितला. आठवला नाही, आई जाऊन फार काळ झाला होता. बापाचा काढला, तो खोकल्यापुढं सरकेना. आणि एका सकाळी बूट चढवताना आपसूक तोंडातून निघालं, "पाय पुसून ये, लीव्हेन!" अगदी तस्सं, हिसक्यासकट. त्याचं त्यालाच दचकायला झालं.

पक्षी महिनाभरात शिकला. त्यानंतर रोज दरबारातून परतल्यावर कुणीतरी त्याच्यावर ओरडायचं. परक्या गावात एवढंही खूप असतं.

शेवटी हेगनं त्याला मोकळं केलं आणि तो पिंजरा घेऊन बापाच्या रिकाम्या घरी परतला. तोवर वाटाड्या वारला होता. दोन गल्ल्या पलीकडं तानेके एकटीच भट्टी चालवत होती, आणि लीव्हेन रोज तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरत होता. राजांपुढं टोपी काढून उभा राहिलेला माणूस! पाय पुढं टाकायची छाती होत नव्हती.

ते काम माइकेननं केलं. कालवांची टोपली घेऊन ती थेट भट्टीवर गेली आणि पक्ष्याचं सगळं सांगितलं.

"मला काय त्याचं?" तानेके म्हणाली. पण दोन दिवसांनी ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी लीव्हेनच्या दारात उभी राहिली.

"नमस्कार, मेनेर राजदूत. तुमच्या वडिलांची जुनी पिंपं विकायची आहेत का? मंजिष्ठा भरायला हवी होती."

लीव्हेननं टोपी काढली. बोलला मात्र जकातदार. "पाय पुसून ये, लीव्हेन! चिखल घेऊन आलास परत!"

तानेके आत पिंजऱ्यापाशी आली. हात अजून तांबडे होते, फक्त शिरा वर आल्या होत्या.

"हे तू शिकवलंस?" 'मेनेर'ची अदब आणि 'तुम्ही' कुठं गळून पडले ते तिलाही कळलं नाही.

"हो."

"माझा आवाज काढून?"

"दुसऱ्या कुणाचा येत नव्हता."

"एवढा पाठ होता, तर मग बोटीत बसायला काय झालं होतं रे?"

"रजा मागितली होती, तानेके. ते म्हणाले—"

"ते म्हणाले! मला विचारायचं होतंस की, मी काय म्हणाले ते. दोन हिवाळे मी शिडं मोजली. नंतर मोजायची सोडली. माझा नवरा भला होता, त्याच्याबद्दल वेडंवाकडं ऐकून घेणार नाही."

"मी बोलणारही नाही," लीव्हेन म्हणाला. मग खाली मान घालून, "तेव्हा विचारलं होतं, ते परत विचारलं तर?"

"घरी विचारून सांगते."

"घरी आता कोण आहे?"

"मी आहे. मलाच विचारते." दाराशी जाऊन ती वळली. "माझ्या दारच्या बाकावर येऊन बसलास तर हरकत नाही. आत यायचं तेव्हा सांगेन."

तेव्हापासून तो रोज तिच्या दाराबाहेरच्या बाकावर. ती आतून वाटाण्याचं सूप आणून द्यायची, वाडगा घेऊन जायची, दार लोटून घ्यायची. येणारा-जाणारा चिडवायचा, "काय मेनेर, तह कुठवर आला?" तो म्हणायचा, "पहिल्या कलमावर अडलाय." हेमंताचं ऊन पातळ झालं, धुकं वाढलं, तरी उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

आणि अशात हेगहून एक कारकून आला. नवी पिसाची टोपी, घाई फार. लीव्हेन घरी सापडेना, म्हणून तिथं पक्ष्याचाच ओरडा खाऊन विचारत विचारत बाकाशी पोचला. गल्लीतली प्रत्येक खिडकी लगेच पुसायला निघाली.

"मेनेर, जकातीचा घोळ पुन्हा झालाय. सभेला तुम्हीच हवेत. जहाज तयार आहे. फक्त सहा आठवड्यांचं काम."

आत कुटण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. माइकेन सांगते, तिच्या टोपलीतली कालवंसुद्धा मिटून बसली. लीव्हेन बुटांवरच्या चिखलाकडं बघत राहिला.

मग आतून आवाज आला, खालून वर चढत, "पाय पुसून ये, लीव्हेन!"

"तुमचा तो पक्षी इथंही आणता वाटतं?" कारकून हसला.

पक्षी दोन गल्ल्या पलीकडं होता. लीव्हेन उठला. गुडघे धरले होते. उंबऱ्याशी पडलेल्या फडक्यावर एक पाय पुसला, मग दुसरा, टाचा, कडा, सगळं.

"मेनेर, मी सभेला काय कळवू?"

"घरी विचारून सांगतो."

"अहो, पण सगळ्यांना विचारून झालंय! प्रांत हो म्हणाले, तुमची नगरसभा हो म्हणाली. आता घरी विचारायचं कुणाला?"

लीव्हेननं दारावर हात ठेवला आणि म्हणाला, "इतकी वर्षं घरी म्हणजे सभा होती. आता घरी म्हणजे घरी."