राणीच्या केसांचा विमा

आवं, ती राणी तर सांगायची ऱ्हायलीच! म्हसवडच्या नानासोची सून, जयराजची बायकू. मेंढरांत वाढलेली पोर, आनि केस कसलं! न्हाऊन उनात पडली की बाजेवरनं खाली लोंबायचं. तिची लेक अंकिता, एवढीशी, झोपताना आईची येनी मुठीत धरायची. तवाच तिचं डोळं मिटायचं.

मग राणीच्या छातीत गाठ निघाली. सांगलीला औषध सुरू झालं. गाठ बारकी झाली, पन केस बी उशीवर उतरलं. अंकितानं ते डोकं बघितलं आनि आज्याच्या मागं लपली. "ही माझी आई न्हाई," म्हनली. तवापास्नं जवळच येईना.

राणीला सपनात नुसतं केस दिसायचं. माळावर गवतागत उगवलेलं, वाऱ्यानं हलनारं, आनि त्यात कुटंतरी अंकिता हाका मारतीया. जाग आली की हात डोक्यावर जायचा.

डाक्टरीन म्हनली, "केसांचा टोप घाल. तुझी येनी हुती तसला करून मिळतो." जयराज मलकापूरला सूतगिरणीत कामाला, गिरणीनं सगळ्या घरचा विमा काढलेला. त्यानं विम्याकडं मागनी केली. उत्तर आलं, टोप ही शोभेची वस्तू हाय, विम्यात बसत न्हाई.

राणी पदर कपाळापतोर वढून, सासऱ्याला संगट घेऊन सांगलीच्या हापिसात गेली. तितं शरयू म्हनून बाई हुती.

"ताई, टोप दिसण्यासाठी असतो. आम्ही आजाराचं देतो," ती म्हनली.

राणी सासऱ्याकडं वळली. "मामा, धोतर वर करा."

"आगं, हितं?"

"करा म्हनते न्हवं!"

नानासोनं धोतर गुडघ्यापतोर वर घेतलं. खाली रबरी पाय.

"ट्रॅक्टरनं पाय गेला, तवा तुमीच ह्यो दिला. ह्यो बी शोभंचाच का, बाई?"

"शोभंचा असता तर जरा गोरा तरी मागितला असता," नानासो म्हनला.

शरयू खुदकन हसली. मग कागुद परत वाचून म्हनली, "डॉक्टरांनी नुसतं टोप लिहिलंय. औषधानं केस गेले, त्यांच्या जागी कृत्रिम केस हवेत, उपचाराचाच भाग आहे, असं लिहून आणा. परत पाठवू या. मंजूर होईलच असं नाही हं सांगत."

लिवून आनलं, दिलं. मग नुसती वाट बघायची.

तवर लोकर कातरायचं दिस आलं. घरची मेंढरं धुतली, कातरली. काळ्या लोकरीचं ढीग पडलं, आनि उघड्या मेंढ्या अशा बारकुड्या दिसाय लागल्या की वळखू येईनात. कोकरं सोडली तर ती भांबावली. एक आईपाशी गेलं, बघून मागं सरलं. मेंढी वरडली. कोकरानं कान टवकारलं, वास घेतला, आनि शेपूट हलवत प्याया लागलं.

अंकिता टक लावून बघत हुती. "आबा, त्याला कसं कळ्ळं?"

"आईचा आवाज कुटं कातरलाय, बाळा?" नानासो म्हनला.

राणी पलीकडंच उबी. पदर खांद्यावर घसरलेला, उनात लोकरीचं तुरं उडत्यात, सगळं धुक्यात बुडाल्यागत. तिनं हळूच हाक मारली, "अंके, ये गं."

पोरगी एकेक पाऊल टाकत आली. आईच्या मानंला नाक लावून लय येळ तशीच ऱ्हायली. मग डोक्यावरनं हात फिरवून म्हनली, "तुला बी कातरलं व्हय?"

"व्हय गं. परत येतंय."

पुढं टोप मंजूर झाला. लांब येनीचा आला. राणी तो घालून बाजारात, सिद्धनाथाच्या देवळात ताठ मानंनं फिरली. घरात मातुर टोप खुंटीला, आनि अंकिता आईचा कान मुठीत धरून झोपायची.

आता राणीचं केस कानापतोर आल्यात. टोप धुऊन, विंचरून डब्यात ठेवलाय. कवठे महांकाळला तिची मामेभन श्रद्धा हाय, तिचं औषध आत्ताच सुरू झालंय. तुमी तिकडं चाललाय न्हवं? मग ह्यो डबा तेवढा तिच्या हातात द्या. म्हनावं, तुझा मंजूर हुईपतोर ह्यो घाल, आनि डाक्टरला नुसतं टोप लिवू देऊ नगं. आनि पोरं लांब पळाली, तर हाक मारत ऱ्हा म्हनावं.