पोलंडचं घड्याळ

आचोळ्याच्या शाळेत जयवंतीबाई भूगोल शिकवत. पुस्तकात न बघता त्या फळ्यावर अख्खा युरोप काढत आणि पूर्वी मुलं बघत राहायची. आता सातवीतली पोरं बाक वाजवून विचारत, "बाई, पोलंड आलं का?" पोलंड! इतकी वर्षं बाईंनी घसा फोडून ते नाव सांगितलं, तेव्हा कुणी ढिम्म हललं नव्हतं.

हा सगळा प्रताप सालोमी टीचरचा. इंग्रजी शिकवायला नुकतीच आलेली ही पोरगी. तिने पोलंडमधली एक शाळा हुडकली आणि दर शुक्रवारी कॉम्प्युटरच्या खोलीत दोन्हीकडची मुलं पडद्यावर समोरासमोर बसू लागली. तिकडच्यांनी त्यांचं जंगल दाखवलं, इकडच्यांनी केळीची वाडी. वाडी तर बाईंचीही होती, उमेळ्याला. पण मुलं गेली ती सालोमीच्या माहेरच्या वाडीत. बाईंना कुणी विचारलंसुद्धा नाही.

"हेडसरांनी कौतुक करावं, मी काही म्हणत नाही," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "पण माझ्या पोरांनी?"

"जळतेस तू," सुधाकरराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

जळत होत्याच. खोटं कशाला बोला?

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच शुक्रवारी तिकडच्या मुलांना फराळ दाखवायचा, असा सालोमीचा बेत होता. "नेहमीच्याच वेळेला आहे, बाई. तुम्ही पण या ना," ती स्टाफरूममध्ये म्हणाली.

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ऑक्टोबर संपता संपता युरोपातली घड्याळं एक तास मागे करतात. म्हणजे ती मुलं आता आपल्याकडे तासभर उशिरा दिसणार. सालोमीच्या हे गावीही नव्हतं. बाईंनी चहाचा घोट घेतला. जगाशी दोस्ती करायला निघालीय, मग जगाची घड्याळं नकोत का कळायला?

"बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मुलं डबे मांडून बसली. पडदा तासभर काळाच राहिला. बाई त्या खोलीवरून उगाचच दोनदा गेल्या. सालोमी मेसेजवर मेसेज टाकत होती, पण तिकडून उत्तर येईना. सालोमीचं उतरलेलं तोंड बघून बाईंना बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं. मग घंटा झाली. पुढचा तास भूगोलाचा होता.

मुलं मान खाली घालून वर्गात आली. विघ्नेश चकल्यांचा डबा दप्तरात कोंबत होता. ब्रिटनीच्या हातात सुकेळी होती. तिच्या आईने राजेळी केळी उन्हात वाळवून खास या दिवसासाठी बांधून दिली होती.

"बाई," ती म्हणाली, "त्यांना आम्ही आवडलो नाही का?"

बाईंनी खडू उचलला. पोर रडायला आलं होतं, आणि कुणासाठी? पोलंडसाठी! माझा तास बुडाला म्हणून कधी पाडलंत असं तोंड? त्या फळ्याकडे वळल्या, युरोपची पहिली रेघ ओढली आणि थांबल्या. ती मुलं याच घटकेला तिकडे खुर्च्या ओढून बसत असणार.

"उठा," त्या म्हणाल्या. "डबे घ्या. त्यांची घड्याळं मागे गेलीत. ती आत्ता येतील. पळा!"

एकच गलका झाला. सालोमी धावत आली, पडदा उजळला आणि पलीकडून हात हलले. विघ्नेशने चकली थेट कॅमेऱ्याला टेकवली. बाई दारातच उभ्या राहिल्या. आपला तास त्यांनी आपल्या हाताने देऊन टाकला होता, आणि एकाही पोराने वळून बघितलं नव्हतं.

एकटी ब्रिटनी वळली. सुकेळीची गाठ सोडता सोडता ती बाईंजवळ आली.

"बाई, घड्याळांचं तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मी भूगोल शिकवते."

"मग तुम्ही टीचरना आधी का नाही सांगितलं?"