वगळलेलं बेट

होनोलुलूच्या विमानात बसले तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता, आणि तोही माझा नव्हे. मी साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवते. पॅसिफिकच्या युद्धाचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढते. त्या वर्षी, १९८६ साली, नववीतल्या सुनंदानं विचारलं, "बाई, अमेरिकेनं जपानकडे सरकताना मधली बेटं सोडून दिली, तर तिथलं जपानी सैन्य मागून चालून नाही आलं?" मला उत्तर येईना. "पुस्तकात नाही ते विचारू नकोस," म्हणून तिला गप्प केलं. त्याची मला लाज वाटत होती. मे महिन्यात अमेरिकेत सांता क्लाराला भावाकडे आले, तेव्हा माधवला म्हटलं, बाकी काही नको, जिथल्या हल्ल्यानं अमेरिका या युद्धात उतरली, ते होनोलुलूजवळचं आरमारी बंदर मला दाखव.

खिडकीतून पहिलं बेट दिसलं आणि मी ओरडलेच. केवढे हिरवे डोंगर, आणि खाली लाटांची पांढरी किनार!

उतरल्यावर प्लेट लंच (भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचं सॅलड आणि मासा) हाणलं. पुढे माधव रस्ता चुकला. "ताई, तुझ्या युद्धाच्या नादात एक्झिट मिस केली ना मी!" बंदराजवळच्या प्रदर्शनात पोचलो तेव्हा बंद व्हायला अर्धाच तास उरला होता.

तिथे माहिती सांगायला एक म्हातारे नौसैनिक होते. मी धापा टाकतच सुनंदाचा प्रश्न विचारला. ते खूश झाले.

"येणार कशातून? त्यांची जहाजं आम्ही बुडवली, विमानं पाडली. धावपट्टीच्या सोयीची बेटं घ्यायची आणि जिथे जपानी फौज भक्कम, तिथे जायचंच नाही. ते तिथेच अडकून उपाशी."

माधवची आठ वर्षांची नेहा म्हणाली, "आत्या, इट्स लाइक हॉपस्कॉच!"

"अगं, आमची ठिकरी! ज्या घरात ठिकरी पडली, त्या घरात पाय टाकायचा नाही!" आणि मी निऱ्या खोचून त्या दालनात चक्क लंगडी घातली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधव मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग म्हाताऱ्यांनी भिंतीवरच्या नकाशातल्या एका बेटावर बोट ठेवलं. "इथे उतरायचं ठरलं होतं. पहिल्या होडीत माझं नाव. आईला शेवटचं पत्रसुद्धा लिहिलं होतं. सकाळी हुकूम आला, हे बेट वगळलं." ते हसले, पण डोळे भरले होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी दहावीच्या वर्गासमोर मी सुनंदाची माफी मागितली, अंगणात बेटं आखली आणि सगळ्यांना लंगडी घालायला लावली. पत्राची गोष्टही सांगितली. आनंदानं नुसता गोंधळ चालला होता. सुनंदा धापा टाकत माझ्याकडे आली.

"बाई, वगळलेल्या बेटावरच्या सैनिकांनीही आईला पत्रं लिहिली असतील. ती न्यायला तर जहाजच उरलं नव्हतं ना?"

हे मी त्या म्हाताऱ्यांना विचारलंच नव्हतं.