ताईची चाल

विचार करताना एका पायावर उभा राहतो म्हणून वर्गातल्या एका मित्राला आम्ही बगळा म्हणायचो. कमी बॅटरीत लांब चालणारा दोन पायांचा रोबो करायचा असं आमच्या गटाचं ठरलं, तेव्हा हा म्हणाला, "शक्ती वाचवून चालणारं माणूस आमच्याच घरात आहे. ताईइतकी आळशी बाई शोधून सापडायची नाही." ताईनंही हसत गल्लीत फेऱ्या मारल्या आणि ह्यानं तिचं चालणं कॅमेऱ्यात टिपलं. पाऊल जेमतेम उचलायचं, बोटं जमिनीला घासत न्यायची. तीच मापं रोबोच्या गुडघ्यांत गेली.

रोबो उभा राहायच्या आतच साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली.

रोबो पहिल्यांदा चालला तेव्हा कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. तळव्यांना फोम होता, त्यामुळे पाऊल टेकल्याचा आवाज नव्हता. घासणाऱ्या बोटांचा तेवढा. सर्र... सर्र. डोळे मिटले की ताईच येत होती. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण खोटं कशाला सांगू, त्या खोलीत मी एकटा थांबत नसे.

सुट्टीत बगळ्यानं रोबो घरी नेला. मीही गेलो होतो. त्यानं तो चालू केला तेव्हा आई भांडी घासत होती. मागं न बघताच म्हणाली, "आलीस? पाय उचलून चाल गं जरा." मग नळ नुसताच वाहत राहिला. त्यानंतर ती रोज म्हणायची, "चालव ना रे थोडा वेळ," आणि पाठ करून ऐकत बसायची.

पण घासणारा पाय बॅटरी खात होता. एका चार्जमध्ये पूर्ण मार्ग संपवला नाही तर अख्खा गट नापास, आणि आमचा रोबो शेवटच्या वळणावर मान टाकायचा. सर म्हणाले, "गुडघा अडवणारी पट्टी कानशीनं कमी करा. पाय मोकळा उचलला जाईल." आठवडाभर आम्ही बगळ्याशी भांडलो. परीक्षेच्या सकाळी त्यानं स्वतःच कानस हातात घेतली.

रोबो शेवटपर्यंत चालला, वर बॅटरी उरली. बगळा आणि मी रोबो घेऊन नाचत त्याच्या घरी गेलो. आईनं निकाल ऐकला, दोघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि नेहमीसारखी पाठ करून बसली. बगळ्यानं बटण दाबलं. रोबो तिच्यामागून भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला.

"चालव ना रे," आई म्हणाली.

"चालूच आहे, आई."