खुनी मी बदलला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय फरक पडतोय?

मी परभणीत राहते, शाळेत इंग्रजी शिकवते. आवाज बरा आहे म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी मला गळ घातली. त्यांच्या सासऱ्यांची नजर काचबिंदूनं गेलेली. एक विलायती रहस्यकादंबरी अर्धी वाचून राहिलेली, तिच्यात त्यांचा जीव अडकलेला. बाईंना इंग्रजी जड. मी ती पहिल्यापासून मराठीत सांगत फोनवर रेकॉर्ड करावी आणि रोज एक प्रकरण पाठवावं, असं ठरलं. सासऱ्यांचं नाव ऐकलं आणि मी लगेच हो म्हणाले. का म्हणाले ते तेव्हा कळलं नव्हतं — हे खोटं. चांगलं कळलं होतं.

वालूरला सातवीत ते माझे सर होते. डिटेक्टिव्ह गोष्टींचं त्यांना लय वेड. शनिवारी वर्गात सांगायचे, आणि मी पहिल्या बाकावर तोंड उघडं टाकून ऐकायचे. मग एकदा त्यांचं शाईपेन हरवलं. सरांनी दार लावून घेतलं आणि गोष्टीतल्यासारखा तपास सुरू केला. सगळ्यांचे हात पाहिले. माझ्या बोटांना शाई होती — माझंच पेन गळकं, भावानं वापरून टाकलेलं. ते दाखवू तरी दिलं का त्यांनी? "शाई खोटं बोलत नसते," म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या, बरं का.

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणं गेलं. मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून तो आला आणि सगळ्या वर्गासमोर हात जोडून उभा राहिला. "सर, लेकरू हाय. चुकलं. माफ करा," म्हणाला. मला काहीच विचारलं नाही. ना तिथं, ना घरी, ना मरेपर्यंत कधी. म्हणजे त्यानं खरंच मानलं होतं, नाही का? पेन पुढं सरांच्याच कोटाच्या फाटक्या अस्तरात सापडलं. शाळेच्या शिपाईमामांनी मला गुपचूप सांगितलं. सरांनी मात्र चकार शब्द काढला नाही. दहावीपर्यंत मी पेनचोरच राहिले.

तर मी वाचायला लागले. सकाळची शाळा सुटली की खिडकीला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा, आणि एप्रिलच्या उकाड्यात घाम पुसत विलायतेतल्या पावसाचं वर्णन करायचं. गोष्ट साधीच. मोठ्या बंगल्यात एका म्हाताऱ्या जमीनदाराचा खून होतो. संशय पुतण्यावर, स्वयंपाकिणीवर आणि डॉक्टरवर. डॉक्टर म्हणतो, मी तर आत्ताच भर पावसातून चालत आलो.

सर रोज व्हॉइस मेसेज पाठवायचे. मला ओळखलं नव्हतंच. आडनाव सासरचं, आणि त्या पोरीचा आवाज त्यांनी ऐकून घेतला होता कधी? "बाई, तुम्ही फार छान वाचता," म्हणायचे. मला, अहो-जाहो करून! सून सांगायची, घरात सगळे म्हणतात अप्पांचं डोकं आता चालत नाही, पण या पुस्तकानं त्यांना उभारी आलीय. रोज संध्याकाळी शेजारच्या पोस्टमास्तरांशी ते तोंडी बुद्धिबळ खेळायचे, सगळा पट डोक्यात ठेवून. डोळे गेले तरी डोकं शाबूत आहे, एवढीच काय ती ऐट उरली होती त्यांची.

शेवटच्या प्रकरणाआधी त्यांचा मेसेज आला. "खुनी डॉक्टर. कोट ओला होता, पण बूट कोरडे होते. तो बाहेरून आलाच नाही, बाई — तो घरातच होता."

बरोबर होतं. अगदी बरोबर. मी स्वतः वाचताना ते बुटांचं माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं.

मग मी काय केलं? पुस्तक मिटून ठेवलं आणि शेवट माझ्या मनानं रचला. खून स्वयंपाकिणीनं केला. डॉक्टरनं बूट दारातच बदलले होते, एवढंच. वर डिटेक्टिव्हच्या तोंडी एक वाक्य घातलं — बुटांवरून ज्यांना डॉक्टर खुनी वाटला, त्यांनी हुशारीचा नाद सोडावा. आवाज गोड यावा म्हणून तीनदा रेकॉर्ड केलं. आणि पाठवून दिलं.

आठवडाभर मेसेज नाही. मग सुनेकडून कळलं. आपण कुठं चुकलो म्हणून अप्पांनी सगळी प्रकरणं परत लावून ऐकली. चूक सापडली नाही. कशी सापडणार? पोस्टमास्तरांना त्यांनी सांगून टाकलं, आता खेळायला येऊ नका. घरातले म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

बापासाठी केलं म्हणावं, तर त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. त्याला काय मिळालं? केलं ते माझ्यासाठी.

सर अजून आहेत. खरा शेवट वाचून पाठवायला अर्धा तास लागेल. मी पाठवलेला नाही. मागच्या महिन्यात त्यांचा मेसेज आला, आवाज पार बारीक झालेला. "बाई, दुसरं एखादं पुस्तक वाचाल का? पण खुनी कोण, ते आधीच सांगून टाका. मला आता ओळखता येत नाही."

तो मेसेज मी परत परत ऐकला. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू — लय बरं वाटलं.