गवत मी मुद्दाम कापलं

शेवंती,

मी निघाले तो दिवस तुला आठवत असेल. दसरा होऊन गेला होता आणि वरच्या कातळावर, आपल्या सड्यावर, गवताची कापणी चालू होती. रिक्षा दारात येऊन उभी राहिली तरी आईचा पत्ता नव्हता. मग ती सड्यावरून उतरली, डोक्यावर भारा तसाच. भारा अंगणात टाकला, विळा पदराला पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली घातला. आमचे हे म्हणाले, "अहो आई, जर्मनीत विळा कशाला?" आई म्हणाली, "थंय काय गवत नसतला?" पोचवायला रस्त्यापर्यंतही आली नाही, परत सड्यावर गेली. ऊन उतरायच्या आत तिला उरलेलं कापायचं होतं.

त्याला पंधरा वर्षं झाली. आता आई नाही, आणि दादाने कागद पाठवला आहे. सड्याचा आपला तुकडा चिरेखाणीला द्यायचा म्हणतो. त्याची सही झाली आहे, तुझी आणि माझी राहिली आहे. फोनवर म्हणाला, "नुसता कातळ गो तो. त्यावर उगवतं काय? तू तिकडे बसून त्याचं काय करणार?" मी "बघते" म्हणून ठेवून दिला. बोलायचं होतं ते इथे लिहिते. चौथीचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आम्ही डार्मश्टाटला राहतो ते तुला ठाऊक आहे. हे हॉटेलात स्वयंपाकी. मी आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने तासभर जाऊन एका मोठ्या बागेत साफसफाई करते, काचघरांच्या फरशा आणि काचा. आमची लेक मनू त्याच बागेत डॉक्टरेटचं काम करते. ती मराठीत ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. मी जर्मनमध्ये ऐकते आणि बहुतेक वेळा उत्तरच देत नाही.

मनूचं काम एका वाफ्यावर आहे. अमेरिकेत दक्षिणेला समुद्राजवळ सपाट पाणथळ रानं आहेत, तिथली झाडं या वाफ्यात लावली आहेत. विरळ पाइन, त्यांच्याखाली गवत, आणि गवतात सुरईसारख्या पानांची किडे खाणारी झाडं. मातीत कस नाही म्हणून ती किडे खातात. मनूने सगळ्या वाफ्यावर दोरे बांधून चौकोन पाडले होते. कोणत्या चौकोनात कोण कोणाच्या शेजारी राहतं ते ती दर उन्हाळ्यात मोजते.

पहिल्यांदा तो वाफा जवळून दिसला तेव्हा मी बादली खाली ठेवून गुडघ्यावर बसले. गवताच्या बुडाशी आपलं चिकटं होतं! सड्यावर गणपतीच्या दिवसांत कातळाच्या ओलीत उगवायचं ते, लाल केसांच्या टोकाला थेंब असलेलं. आपण त्यावर मुंगी सोडून बघत बसायचो आणि आई ओरडायची. इथलं जरा वेगळं आहे, पण त्याच कुळातलं. इथे त्याला झोनेनटाऊ म्हणतात, म्हणजे उन्हातलं दव.

पण ते मरत होतं. मनूचे आकडे दर वर्षी खाली येत होते. ती रानं तिकडे मधूनमधून पेटतात, म्हणून खालच्या झाडांना ऊन मिळतं. इथे आग लावायला गेनेमिगुंग लागते, सरकारी परवानगी, आणि तिची पत्रं दोन वर्षं फिरत होती. नुसतं कापावं का यावर वरच्यांचं एकमत होईना. तोवर कोणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. यंदाही नाही सुधारलं तर वाफा उपटून तिथे खडी टाकणार होते. मनू जेवायची नाही.

मी रोज बादली घेऊन तिथून जायचे आणि आईचं बोलणं आठवायचं, "गवत उभा ठेवलंस तर खालचा मरता गो बाय." फेब्रुवारीत एक दिवस डब्याच्या पिशवीत विळा टाकला. गवत वाळून आडवं पडलं होतं. बुडाशी धरून कापलं, वाळका पातेरा हाताने ओढून काढला, आपण भाताच्या रोपांसाठी दाढ भाजायच्या आधी जागा साफ करतो तशी. अर्धा वाफा झाला आणि बागेचे मुख्य माळी, हेर क्राफ्ट, म्हणजे क्राफ्टसाहेब, धावत आले.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की मी साफसफाई करताना चुकून गवत कापलं. सही केली की विषय संपला, नोकरी राहते. मनू लाल झाली होती. "ममा, बिट्टे," म्हणून तिने विनवलं, आणि मग कितीतरी दिवसांनी मराठीत, "सही कर ना गं. माझे चौकोन होते ते!"

शेवंती, चुकून कापलं असं मी कसं लिहून देऊ? आईने मला कापायला शिकवलं ते चूक म्हणून? सहीच्या जागी मी मराठीत लिहिलं, "गवत मी मुद्दाम कापलं," आणि खाली पूर्ण नाव. हेर क्राफ्टनी विचारलं हे काय. मनूने वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज बदलला, एवढं मला कळलं. ती माझ्या आधी बाहेर पडून वाफ्याकडे गेली. घरी बरेच दिवस ताट खोलीत नेऊन जेवायची. नोकरीचं बघू, असं वरून कळवलं.

जूनमध्ये तिने फोन केला. "आई, ये. आत्ता ये."

कापलेल्या अर्ध्यात लाल ठिपकेच ठिपके होते. न कापलेल्या अर्ध्यात तिला दिवसभरात सात सापडली. हेर क्राफ्ट उभे होते, म्हणाले, "आल्झो, फ्राऊ सावंत," म्हणजे बरं तर, सावंतबाई, आणि न कापलेल्या बाजूकडे बोट दाखवलं. ते हिवाळ्यात मी कापायचं आहे. वाफा आणखी एक वर्ष राहतो आहे. एका अर्ध्यावरून काही सिद्ध होत नाही असं मनूचे प्रोफेसर म्हणतात. म्हणू देत.

तर दादाला सांग, कातळावर काय उगवतं ते मला माहीत आहे. चिकटं उगवतं, सीतेची आसवं उगवतात, गेंदाची फुलं उगवतात, आणि त्यांना कोणी दोरे बांधलेले नाहीत. परक्या देशातल्या रानाचा एवढासा तुकडा इथली माणसं मोजून जपतात. आपला सड्याचा अख्खा तुकडा चिरे करून ट्रकमध्ये भरायचा आणि मी वर सही करायची? घराचं छप्पर दादाचं असू दे, अंगण असू दे. माझं घर तेवढंच राहिलंय, जिथे गवताखाली काय आहे ते मला न बघता सांगता येतं. एक तिथे आहे. एक आता इथेही आहे, दोऱ्यांच्या आत.

कागद सोबत परत पाठवते. सहीच्या जागी "सही मी मुद्दाम केली नाही" असं लिहिलंय, ते तू दादाला मोठ्याने वाचून दाखव, मनूने वाचलं तसं. तुझी जागा रिकामी आहे. काय लिहायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही.

गणपतीला मनूला घेऊन येते. तिने दोऱ्याचं रीळ आत्ताच बॅगेत टाकलंय.

तुझी ताई